बॉनेटवरची चार भोकं

बाबांनी आम्हा दोघांवर कधी हात उचलला नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागले की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. त्यांना हात उचलायची गरजच पडत नसे. आवाजही चढत नसे. ऑफिसातून आले की बूट रॅकमध्ये सरळ लावायचे, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या एकच घडी दुमडायचे आणि जेवायला बसायचे. पहिला घास गिळून झाला की हळू आवाजात एखादं वाक्य यायचं, आणि ते बहुतेक वेळा दादासाठी असायचं. "राहुल, वर्गात तुझ्या खाली अजून कुणी उरलंय का रे?" मग ते आमटी वाढून घेत. आमटी चांगली झाली असेल तर तेही आईला सांगत, अगदी मनापासून. स्टुटगार्टमधली मराठी मंडळी त्यांना 'सर' म्हणायची, नव्याने आलेल्या पोरांना घर मिळवून द्यायला, आउसलेंडरबेहोर्डच्या, परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत सोबत उभं राहायला सर नेहमी पुढे. त्या पोरांनी सांगितलेले बाबा आणि आमच्या टेबलाशी बसणारे बाबा ही दोन माणसं असावीत असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

आमचं घर टेकडीच्या अंगावर होतं. रस्त्याला लागून गराज, त्याच्या डोक्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर घरमालकीण फ्राऊ श्टाइगर. तिच्या घरात दुपारी एक ते तीन शांतता, रविवारी दिवसभर शांतता, आणि जिना झाडायची आमची पाळी असे त्या आठवड्याला कठड्यावर बोट फिरवून धूळ बघायची तिची सवय. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गराजच्या दारावर यायची. त्यामुळे खाली काय चाललंय ते आईला फोडणी देता देता ऐकू यायचं, आणि वर काय शिजतंय ते आम्हाला खाली नाकाने कळायचं. दादाचं हसणं तर सगळ्या गल्लीला कळायचं. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज, मग दुसरा, आणि मग एकदम धबाधबा. त्याचं काही मनासारखं झालं की तो तसा हसे, आणि ते ऐकलं की आई काही न विचारता कढई चढवून रवा भाजायला घेई. रव्याचा वास खिडकीतून खाली आला की आम्ही हात धुवायला लागायचो. आमच्या घरात शाबासकी म्हणजे शिरा. तोंडाने कुणी कुणाला शाबास म्हटल्याचं मला आठवत नाही.

दादा सतराचा, मी पंधराची. त्याला पुस्तकातलं डोक्यात शिरायचं नाही असं नाही, पण शिरलेलं बसायचं नाही. गाडीचं मात्र त्याला नुसतं ऐकून कळायचं. शनिवारी तो टेकडीखालच्या हेर ब्रेंडलेंच्या वर्कशॉपमध्ये टायर बदलायला, झाडझूड करायला जायचा. तिथेच त्याला ती गाडी मिळाली. कुणी अमेरिकन सैनिक बदली होऊन मायदेशी निघाला होता आणि त्याला ती जागेवरून हलायला हवी होती, बस. दोन दारांची, लांबच लांब नाकाची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी, माझ्या वडिलांच्या तरुणपणातली. तळाचा पत्रा गंजून गळून पडलेला, इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांचा संसार. आनहेंगरवर, म्हणजे ट्रेलरवर, चढवून ती आमच्या गराजमध्ये आणली तेव्हा आईने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर म्हैस आहे." तेव्हापासून ती म्हैसच.

बाबांनी तिच्याकडे फक्त पाहिलं. ते वाट बघत होते. बाबांचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि त्यांच्या नखांतलं काळं मरेपर्यंत निघालं नाही हे मला आत्याकडून माहीत आहे. बाबा हॉस्टेलवर राहून शिकले. तिथली पोरं त्यांचा शर्ट हुंगायची आणि नाक धरून बाजूला व्हायची, डिझेलचा वास येतो म्हणून. वास डिझेलचा नव्हता हे बाबांनाही माहीत होतं आणि त्या पोरांनाही. कोपरापर्यंतचा साबण, इस्त्री, रोजचा पांढरा रुमाल, सगळं तिथून आलेलं. हे मला समजतं. समजतं म्हणून माफ केलं असं मात्र कुणी धरून चालू नये.

मग एका संध्याकाळी दादाने जेवताना विषय काढला. त्याने वाक्यं पाठ केली होती, मला म्हणून दाखवलीही होती. "बाबा, हेर ब्रेंडले मला आउसबिल्डुंगला घेतायत. सप्टेंबरपासून. तीन साडेतीन वर्षं शिकायचं, मग मी मेकॅनिक. पण मी अजून अठराचा नाही, म्हणून तुमची आणि आईची, दोघांची सही लागेल."

"जागा किती आहेत?" बाबांनी विचारलं.

"एकच."

"आणि ती तुला."

"या," दादा जर्मनमध्ये म्हणाला.

"मराठीत त्याला हो म्हणतात."

"हो."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आपल्या घरात एक माणूस आयुष्यभर गाडीखाली उताणा झोपला, म्हणून मी इथे खुर्चीत बसलोय. तुला परत गाडीखाली जायचंय. ठीक आहे. मी नाही म्हणणार नाही, मी काही जुनाट बाप नाही. खाली जे भंगार आणलंयस ते एप्रिलअखेरपर्यंत उभं कर. नुसतं चालू करून नाही चालणार. एच-नंबर मिळव." एच-नंबर म्हणजे जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला इथे मिळतो तो खास नंबर. त्यासाठी तपासनीस ब्रेक-दिव्यांबरोबर गाडीची कांतीही बघतो. "मिळाला, की त्याच दिवशी सही. नाही मिळाला तर शाळेची आबिटुअर, मग मशिनेनबाउची इंजिनिअरिंग डिग्री, आणि ह्या विषयावर पुन्हा एक अक्षर नको. कबूल?"

दादा हसला. उचकी, उचकी, धबाधबा. त्याला वाटलं बाप पाघळला. आई उठून रवा भाजायला गेली, आणि बाबांनीही त्या रात्री दोन वाट्या शिरा खाल्ला.

हिवाळाभर आम्ही म्हशीला सोलत होतो. पैसे नव्हते, तेव्हा अक्कल लावायची. नवा भाग अमेरिकेहून मागवणं आमच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून जुनाच भाग पुन्हा पुन्हा जिवंत करायचा. गंजलेले बारीक भाग आई चिंचेच्या कोळात भिजत घालायची, देवळातली समई घासल्यासारखे ते करडे-पांढरे लख्ख होऊन निघायचे. तळासाठी पत्रा मिळाला तो श्पेअरम्युलच्या दिवशी, लोक नको असलेलं सामान फुटपाथवर ठेवतात तेव्हा, एका लोखंडी कपाटाचा. सीट आईने आपल्या मशीनवर शिवल्या आणि दोन सुया मोडल्या. वेल्डिंग मी करायचे. दादाचा हात थरथरायचा आणि माझा नाही, एवढं साधं कारण होतं. सगळे नटबोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, बरणीवर चिकटपट्टीवर नाव लिहून. आजही माझ्या वर्कशॉपमध्ये बोल्ट लोणच्याच्या बरण्यांतच असतात. गिऱ्हाईकं हसतात, मी झाकण उघडून मेथीचा वास घ्यायला लावते.

उत्साह टिकवायचा कसा, असं हल्ली तरुण पोरं मला विचारतात, जुनी गाडी घेऊन येतात आणि दुसऱ्याच महिन्यात तोंड पाडून उभी राहतात. मी त्यांना सांगते, उत्साहाचं काही खरं नाही. तो पहिल्या गंजलेल्या बोल्टाशी मोडतो. आमच्याकडे नियम एकच होता आणि तो मी केला होता: रोज खाली जायचं आणि एक बोल्ट तरी काढायचा, घासायचा, बरणीत टाकायचा. ताप असला तरी एक, परीक्षा असली तरी एक. दादा म्हणायचा, मन लागत नाही. मी म्हणायचे, मन राहू दे, पाना लाव. तरी हलला नाही तर मी शेवटचं हत्यार काढायचे. "बाबा म्हणतात ते बरोबरच आहे तुझ्याबद्दल," एवढं म्हटलं की तो दात खात उठायचा. दुष्टपणा होता, पण त्याने काम व्हायचं, आणि शिऱ्यापेक्षा जास्त व्हायचं. आमच्या घरात टोमण्यावर गाडी चालायची, पेट्रोल नंतर.

रविवारी संध्याकाळी बाबा तपासणीला खाली येत. हात मागे बांधलेले. कशालाही हात लावत नसत. खिशातला पांढरा रुमाल काढून एखाद्या कोपऱ्यावरून फिरवायचे, उलटून बघायचे आणि दादाला दाखवायचे. दादा तो भाग पुन्हा उघडायचा. एकदा जेवताना त्यांनी ऑफिसातून छापून आणलेली एच-नंबरची नियमावली वाचून दाखवली, चष्मा लावून, शब्द न् शब्द. बाहेरच्या पत्र्यावर नंतर केलेला कुठलाही बदल चालणार नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. "लक्षात ठेव हो," असं वर म्हणाले. मी समोर बसले होते म्हणून हे नक्की सांगू शकते.

फेब्रुवारीत इंजिन बसवलं आणि ते सुरूच होईना. काढा, उघडा, बसवा, पुन्हा तेच. दादा जो पलंगावर आडवा झाला तो भिंतीकडे तोंड करून. बाबा दारात उभे राहिले आणि अगदी मायेने म्हणाले, "थांबलास? बरं केलंस. तुझ्या आजोबांना एवढी अक्कल असती तर." ते गेल्यावर मी दादाचं पांघरूण ओढून खिडकीबाहेर टाकलं, फ्राऊ श्टाइगरच्या गुलाबांवर. ते आणायला तरी त्याला खाली जावंच लागलं, आणि खाली गेल्यावर मी बरणी पुढे धरली. एक बोल्ट. तो रडत रडत घासत होता आणि मी बघत बसले होते. मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी, शांततेची वेळ टळल्याबरोबर, म्हैस बोलली. काय आवाज होता तो! खिडकीच्या काचा, आईची भांडी, फ्राऊ श्टाइगरच्या बशा, सगळं एका सुरात थरथरलं. दादा हसतोय हे मला फक्त त्याच्या दातांवरून कळलं, आणि तरी आईने रवा भाजायला घेतलाच. बाबा जिन्यात उभे होते. त्यांची मान किंचित कलली होती आणि डोळे मिटलेले होते. असा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. मग डोळे उघडून ते म्हणाले, "एक सिलिंडर मागे पडतोय," आणि वर निघून गेले. दादाने तपासलं. पडत होता.

रंग निळा दिला, कारण दाराच्या चौकटीतल्या पट्टीवर गाडीचा मूळ रंग निळाच लिहिलेला होता. शेवटचा हात मारायला हेर ब्रेंडलेंनी आपली रंगाची खोली एका शनिवारी उघडून दिली. पुढे मे संपेपर्यंत ती भरलेली होती, हे त्यांनी तेव्हाच बजावलं. त्या निळ्या रंगात आकाश दिसायचं, फ्राऊ श्टाइगरचा पडदा दिसायचा, आपलं तोंडही दिसायचं. त्याच आठवड्यात वानखेडे काका घरी आले. चौदा एप्रिलची जयंती इथली मराठी मंडळी दरवर्षी एक हॉल घेऊन करायची, आणि त्या समितीचे काका अध्यक्ष. त्यांनी गराज उघडं बघितलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभेच राहिले. "सर! अहो, निळी गाडी! नागपूरला आम्ही भाड्याची जीप शोधत फिरायचो, आणि तुमच्या घरात ही उभी? यंदा फोटो हिच्यावर. बास."

"काका, गाडीला अजून नंबर नाही. रस्त्यावर नेता येत नाही," दादा म्हणाला.

"रस्त्यावर कशाला? हॉलच्या आवारातच मिरवणूक असते. गेटपासून दारापर्यंत. तू चालव."

दादाने बाबांकडे पाहिलं. तपासणी जयंतीनंतर लगेच सोमवारी होती, एप्रिलमधली शेवटची मोकळी वेळ. बाबा म्हणाले, "अवश्य. माझ्या मुलाची गाडी म्हणजे समाजाचीच." दादाचे कान लाल झाले. बाबांनी कुणासमोर 'माझा मुलगा' म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. नंतर तो मला म्हणाला, "प्रज्ञे, बघितलंस? गाडी बघून झालं हे." त्या रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण पहाटे तो खाली बॉनेट पुसत बसला होता.

जयंती शनिवारी आली. ऊन पडलं होतं. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरांच्या हातात निळे झेंडे, हॉलच्या स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली भाजी, आणि आवारात म्हैस, आनहेंगरवरून उतरवलेली, धुतलेली, पुसलेली. काकांनी फोटोसाठी लाकडाचा देखणा चौरंग करून आणला होता आणि तो बॉनेटवर दोरीने बांधायला घेतला. तेवढ्यात हॉलची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर आला, किल्ल्यांचा जुडगा वाजवत. त्याने दोरी ओढून बघितली. "दोरीने? नाइन, नाही. चालत्या गाडीवर काही ठेवायचं तर ते पक्कं बसवलेलं पाहिजे. पडलं, कुणाला लागलं, तर जबाबदार मी." काकांनी त्याला समजावलं की आमच्याकडे वर्षानुवर्षं दोरीनेच बांधतात. तो म्हणाला, "इथे नाही."

दादा म्हणाला, "बाबा, मी ब्रेंडलेंकडून पट्टे आणतो. दारांतून घेऊन आतून आवळायचे. तासाभराचं काम."

"पाहुणे उन्हात उभे आहेत," बाबा म्हणाले. "चौरंगाला पायाशी भोकं आहेतच. बॉनेटला बोल्ट मार."

"बॉनेटला?"

"का? बॉनेटला काय झालं?"

सगळे बघत होते. दादा मराठीत काही जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं. वानखेडे काकाच मध्ये पडले. "नको हो सर, पोराने आत्ता कुठे रंग दिलाय. आपण फोटो हातात धरून चालू. काही बिघडत नाही."

"तुम्ही थांबा वानखेडे. गाडी त्याची आहे, त्यालाच ठरवू द्या." बाबा दादाकडे वळले. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "राहुल, सांग ना सगळ्यांना. म्हणावं, मला रंग जास्त आहे, फोटो हातात धरा. मोठ्याने सांग, मागे ऐकू जात नाही."

आमच्या माणसांत, त्या दिवशी, त्या फोटोसमोर, कोण असं म्हणेल? ज्या फोटोतल्या माणसामुळे आमच्या आजोबांचा मुलगा शाळेत गेला, त्याच्यापुढे बॉनेटचा पत्रा काय! कुणीही हेच म्हटलं असतं, मीही. बाबांना ते पुरतं ठाऊक होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे राग नव्हता, भक्तीही नव्हती. रविवारी रुमाल उलटून बघताना असायचा तो चेहरा होता.

हाउसमाइस्टरनेच ड्रिल आणून दिलं. काका पुढे झाले तर बाबा म्हणाले, "त्याची गाडी, त्यालाच पाडू दे." दादाने खुणा केल्या. रंगाचे टवके उडू नयेत म्हणून खुणांवर चिकटपट्टी लावली. आधी बारीक भोक, मग मोठं. घाईने, वाकडंतिकडं करून टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण वाईट काम त्याला येतच नव्हतं. प्रत्येक भोकाची कड त्याने घासून गुळगुळीत केली, गंजू नये म्हणून कडेला प्रायमर लावला, बोल्टाखाली रबर घातलं. निळ्या पत्र्याचे कातरलेले वेटोळे बॉनेटवर पडले होते, ते त्याने तळहाताने गोळा करून खिशात टाकले. चार भोकं. फोटो बसला. हार चढला. ढोल वाजायला लागला. दादाला समोरचं काही दिसत नव्हतं, म्हणून मी पुढे उलटी चालत हाताने त्याला डावी-उजवी सांगत होते, आणि बाबा शेजारून चालत होते, एक पंजा गाडीच्या अंगावर सपाट ठेवून. त्यांनी म्हशीला हात लावला तो तेव्हा. फोटो काढले गेले. त्यातला एक अजून बाबांच्या दिवाणखान्यात आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा फ्राऊ श्टाइगरच्या दाराशी गेला आणि म्हणाला, फक्त अर्धा तास, चार भोकं वेल्ड करून घासायची आहेत, माझं सगळं आयुष्य त्याच्यावर आहे. ती म्हणाली, "रविवार तो रविवार, हेर राहुल." आणि दार लावलं. हेर ब्रेंडले सुट्टीवर लेकीकडे गेलेले. आणि वेल्ड करून तरी काय होणार होतं? तापलेला रंग हातभर जळाला असता आणि रंगाची खोली मे संपेपर्यंत मिळणार नव्हती. त्याने भोकांत काळी रबरी बुचं बसवली. सोमवारी म्हैस पुन्हा आनहेंगरवर चढली आणि मी शाळा बुडवून त्याच्याबरोबर तपासणीला गेले. तपासनीस म्हातारा होता आणि गाडीवर बघताक्षणी भाळला. ब्रेक, दिवे, धूर, खालचं वेल्डिंग, सगळीकडे मान डोलावत गेला. खालचं वेल्डिंग कुणी केलं, हेही त्याने विचारलं. मग तो पुढे आला आणि बोटाने एक बूच दाबलं. "हे काय आहे?"

दादाने सांगितलं. तपासनीसाने सगळं ऐकून घेतलं. "वाईट वाटतं मला," तो म्हणाला. "बॉनेट नीट करून आणा, त्या दिवशी शिक्का देतो. आज नाही देता येत."

घरी दादाने किल्ली टेबलावर ठेवली. बाबा जेवत होते. "काय ठरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"एप्रिलअखेर."

"मग?"

आईच्या हातात पळी होती. "अहो, भोकं तुम्हीच पाडायला लावलीत ना त्याला?"

"मी?" बाबा खरोखर चकित झाल्यासारखे दिसले. "मी त्याला नाही म्हणायची संधी दिली, सगळ्यांच्या देखत. मी तर वाट बघत होतो, आता म्हणेल, आता म्हणेल. आपली वस्तू राखायला ज्याला एक शब्द बोलता येत नाही, त्याला गिऱ्हाईकं सोलून खातील. मला काय आनंद आहे का ह्यात?" आणि मग, आमटी वाढून घेत, "मीठ कमी आहे."

आईने पळी खाली ठेवली, आमटीचं भांडं उचललं आणि सिंकमध्ये ओतलं. तेवढंच ती करू शकली आणि तेवढं तिने केलं. बाबांनी उरलेली भाकरी कोरडी खाल्ली, ताट नेऊन ठेवलं आणि हात कोपरापर्यंत धुतले.

सप्टेंबरात ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. डिसेंबरात दादा अठराचा झाला, मग त्याला कुणाची सही लागणार नव्हती. लोक मला विचारतात, मग तेव्हा का नाही गेला? विचारायला सोपं आहे. मी बरणी घेऊन त्याच्यासमोर कितीदा बसले, बाबा म्हणतात ते बरोबरच आहे हेही म्हणून बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "गेनाऊ." बरोबरच आहे. मी बरणीचं झाकण लावलं. म्हैस त्याने हेर्त्सोगेनआउराखच्या एका माणसाला दिली. त्या माणसाने जून महिन्यात बॉनेट नीट करून घेतलं आणि एच-नंबर लावलेल्या गाडीचा फोटो कौतुकाने पाठवला. दादा आबिटुअर झाला, मशिनेनबाउ झाला, आज एका मोठ्या पुरवठादार कंपनीत आहे, कोपरापर्यंत स्वच्छ. बाबा लोकांना सांगतात, मी वेळेवर सावरलं त्याला. आणि दिवाणखान्यातला तो फोटो दाखवून सांगतात, ही गाडी आम्ही दिली होती जयंतीला.

मला हे सगळं लिहायचं नव्हतं. आईकडून मराठी लिहायला शिकले ती निबंधापुरती, आणि माझ्या हाताला पेनापेक्षा वेल्डिंगचा टॉर्च बरा वाटतो. पण मागच्या महिन्यात बाबा आपली गाडी घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आले, खुर्चीवर रुमाल पसरून बसले, आणि जाताना माझ्या पोराला म्हणाले, "तुझी आई आमच्या घरातली पहिली माइस्टर, मेकॅनिकची सगळ्यात वरची परीक्षा पास झालेली. आम्ही मुलीला अडवलं नाही." ते खरं आहे. त्यांनी अडवलं नाही. म्हणून ते कसं झालं तेवढं सांगते आणि थांबते.

दादाच्या त्या एप्रिलनंतर दोन वर्षांनी मी सतराची झाले. हेर ब्रेंडलेंकडे पुन्हा एक जागा होती आणि या वेळी ती माझी होती. मी तयारीने गेले. काय अट घालतील ते घालू देत, मला ब्रेकपासून रंगापर्यंत सगळं येत होतं, आणि मला नाही म्हणताही येत होतं. दुपारची वेळ. बाबा खुर्चीत, दादा बाहेरच्या जागेत बूट घालत होता, त्याला लेक्चरला जायचं होतं. मी कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "सही पाहिजे." बाबांनी खिशातून पेन काढलं आणि केली. वाचलंही नाही.

मी उभीच राहिले. "अट?"

"तुला कसली अट?" ते पेनाचं टोपण लावत म्हणाले. "तू मुलगी. गाड्या दुरुस्त कर, नाही तर केस काप. तुझ्याकडून मला काही नकोच आहे, बाळा. राहुलची गोष्ट वेगळी होती." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मायेने, हे मी शपथेवर सांगेन.

मी कागद घेऊन बाहेर आले. दादा एका पायात बूट घालून बसला होता. "काय घातली अट?" त्याने विचारलं. खरं तर त्याने सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

तो हसला. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज, मग दुसरा, आणि मग धबाधबा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हातातला बूट खाली पडला, आणि तरी तो हसतच होता. दोन वर्षांत त्याचं ते हसणं घरात कुणी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात कढई ठेवल्याचा आवाज आला. आईने रवा भाजायला घेतला होता.